जोडीतला एक खडा

आमच्या शिवणाच्या दुकानात तिला सगळे निम्मेताई म्हणायचे. केळं असो, चहा असो, नाहीतर मालकिणीची बोलणी असोत, प्रत्येक गोष्ट ती निम्मी-निम्मी करायची. चहा ओतून झाला की दोन्ही पेले डोळ्यांसमोर धरायची आणि ज्यात घोटभर जास्त असेल तो माझ्याकडे सरकवायची. ती मापं घ्यायची आणि कापायची, मी काजं-बटणं करायचे. तिची पक्की समजूत होती की आपण सरळ वागलो की समोरचाही सरळ वागतो. अशा माणसाचे हाल कुत्रं खात नाही, हे मी तिला तोंडावर सांगायचे आणि ती हसायची.

तिचं लग्न झालं नाही. म्हणजे कुणी करून दिलं नाही. वडील लवकर गेले, हिनं कात्री हातात धरली आणि धाकट्या भावाला शिकवलं. तो मोठा झाला, त्यानं घर बांधलं, बायको आणली आणि हिला जागा दिली स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात. तिथं फ्रिज आणि इस्त्रीचं टेबल होतं, त्यांच्या मधे हिची खाट. रात्री कुणाला तहान लागली की फ्रिजचा उजेड थेट हिच्या तोंडावर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला उचलणं, धुणं-पुसणं, भरवणं सगळं हिनंच केलं. भाऊ दारातून विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" आणि कामावर जायचा.

आईच्या कानात दोन हिरे होते. जुन्या घडणीचे, आजच्यासारखे झगमगणारे नव्हेत, पण एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. जायच्या आधी आईनं ते सगळ्यांदेखत कानातून काढून हिच्या मुठीत ठेवले. पुढं महिनाही झाला नसेल, भाऊ म्हणाला, "ताई, आईची वस्तू म्हणजे दोघांचीच ना?"

झालं. हिनं दुकानातली बारीक पकड घरी नेली, कोंदण वाकवलं, दोन्ही खडे सुटे केले आणि एक त्याच्या तळहातावर ठेवला. सोनंसुद्धा वाटून दिलं. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान!

"अगं, आईनं ते तुला दिले होते," मी म्हटलं.

"कान दोन, मुलं दोन," ती म्हणाली. यावर काय डोकं फोडणार?

मग एक खोली समोर आली. आमच्या दुकानामागच्या रस्त्यावर, जिना चढून गेलं की एकच खोली, खिडकीपाशी शिवणयंत्र मावेल एवढी जागा आणि दाराला आतून कडी. निम्मेताईनं ती कडी तीन-चारदा लावून पाहिली, काढून पाहिली. घरमालकिणीला अनामत हवी होती. हिची शिल्लक आणि खड्याचे पैसे मिळून ती जमेल असा हिशेब होता. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई काहीतरी अख्खं मागत होती. मी तिच्यासोबत जवाहिऱ्यांच्या गल्लीत गेले.

कापडाचं अस्तर घ्यायचं तरी ही सगळा बाजार पालथा घालते. इथंही तेच केलं. रुमालातली पुडी काढायची, काचेवर खडा ठेवायचा, भाव विचारायचा, "बघते" म्हणायचं आणि शेजारच्या दुकानात शिरायचं. पहिल्यानं पावती मागितली. ही म्हणाली, "आईनं दिलाय, आई काय पावती देते?" तो हसलासुद्धा नाही. माल चोरीचा तर नाही ना, अशा नजरेनं त्यानं आम्हा दोघींना आधी पाहिलं आणि खड्याला नंतर. प्रत्येक दुकानात भाव थोडा खाली. का, ते कुणी सांगेना. ताकास तूर लागू देईनात.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा जवाहिऱ्या होता. त्यानं भिंग लावून खडा पाहिला आणि विचारलं, "बाई, याआधी किती जणांना दाखवलात?"

"सगळ्यांना," ही अभिमानानं म्हणाली.

"मग संपलं. आमच्यात सगळ्यांनी पाहून ठेवलेला माल शिळा. शेजाऱ्यानं का सोडला, हाच विचार जो तो करतो." त्यानं पुडी घडी करून परत दिली. "आणि हा कानातला आहे. याचा जोडीदार कुठाय? दोन्ही एकत्र आणलेत तर असल्या एकट्या दोन खड्यांच्या दुप्पट-तिप्पट येतील. जुन्या घडणीला जुळणारा खडा आता शोधून सापडत नाही. सुटा विकू नका."

तोपर्यंत मला कळलं नव्हतं की त्या पकडीनं तिनं काय तोडलं होतं. तिलाही तेव्हाच कळलं.

त्या संध्याकाळी तिनं भावाला सांगितलं: दोन्ही खडे एकत्र विकू, येतील ते निम्मे-निम्मे. भावाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. "ताई, आईची आठवण बाजारात मांडू? तुझा तू विक, मी अडवत नाही. माझ्याच्यानं नाही होणार." मग डोळे पुसून त्यानं विचारलं, "जोडीचं कोण म्हणालं? कुणाकुणाला दाखवलास?" हिनं सगळी गल्ली ओळीनं सांगितली.

चार दिवसांनी त्या गल्लीतला एक दलाल आमच्या दुकानात आला. पुढचा एक दात सोन्याचा, बोलणं मधाचं. गिऱ्हाईक आहे म्हणाला, पण त्यानं सांगितलेला भाव सगळ्यात खालच्यापेक्षाही खाली. "आज द्या, उद्या एवढेही मिळायचे नाहीत." गल्लीत भाव कसा घसरतो ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तिला चिमटा काढला, टेबलाखालून लाथ मारली. तिनं खडा दिला.

अनामत पुरी झाली नाही. राहिलेले पैसे दरमहा फेडते, असं तिनं घरमालकिणीला विनवून पाहिलं. घरमालकिणीनं खोली दुसऱ्याला दिली, त्यानं सगळे पैसे एकदम मोजले होते. आणि घरी भाऊ म्हणाला, "आता इथंच राहायचं आहे, तर छताची दुरुस्ती करून घेऊ. छप्पर तुझ्याही डोक्यावर आहे, ताई. खर्च निम्मा-निम्मा." हिच्या निम्म्यात खड्याचे सगळे पैसे गेले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं मी म्हटलं तेव्हा ती मात्र हसली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी भावाची मुलगी नवा झगा शिवायला दुकानात आली. पोरगी चांगली आहे, आत्यावर जीव आहे तिचा. निम्मेताई तोंडात टाचण्या धरून तिचा गळा बेतत होती. मुलीनं केस मागं घेतले.

"आत्या, कानातले बघितलेस? बाबांनी करून आणले. आजीचा एक खडा होता ना आपल्याकडे, त्याला अगदी जुळणारा मिळाला. तो सोन्याच्या दाताचा दलाल आहे ना, त्यानं आणून दिला. बाबा म्हणाले, मातीमोल भावात मिळाला."

माझ्या हातातली सुई थांबली. निम्मेताईनं दोन्ही कानांकडे पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. एकेक टाचणी काढून तिनं गळा नीट बेतला, मुलीला मान सरळ ठेवायला सांगितलं आणि माप कागदावर लिहिलं. मुलगी तिच्या गालाला गाल लावून गेली.

दार बंद झाल्यावर मला राहवेना. तिच्या भावाला मी काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले, यानं तर छताच्या नावाखाली आवळाही परत घेतला होता.

ती खाली पडलेल्या टाचण्या वेचत होती. "पोरीसाठी हवा होता, तर मागायचा," ती म्हणाली. "मी दिला असता."

"मग काय वेगळं झालं असतं? तसाही त्याला फुकटच पडला ना?"

ती उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका कडू मी कधी ऐकला नव्हता.

"मग मी दिला असं झालं असतं. आत्यानं दिला, असं पोरगी म्हणाली असती."

मग तिनं माप लिहिलेला कागद कापडाला टाचला, कात्री खणात ठेवली आणि दुकान बंद करून आम्ही निघालो. कोपऱ्यावरून ती भावाच्या घराकडे वळली. दुसरीकडे कुठं जाणार होती?