तिसरं ऑइल सील

सौसरला जामसांवली रोडवर प्रभाकरचं गॅरेज आहे. चार वर्षांपूर्वी त्याला लकवा मारला आणि उजवं अंग गेलं. तेव्हापासून तो दारातल्या खुर्चीत बसून सांगतो आणि त्याची बायको पंचफुला करते. हे खोल, ते आवळ, बाराचा पाना घे. सकाळी त्याची आंघोळ, जेवण उरकून ती शटर वर करते, तेव्हाच तिची कंबर भरून आलेली असते.

दिवाळीनंतर वीरेंद्रची मोटारसायकल तिसऱ्यांदा आली. वीरेंद्र रामाकोन्याचा, संत्र्याच्या बागा विकत घ्यायला गावोगाव फिरतो. इंजिनातून गळणाऱ्या तेलानं त्याच्या पँटचा डावा पाय काळा झाला होता.

“वहिनी, दोनदा सील बदलवलं, तरी तेच. लोकाइच्या अंगणात गाडी लावाची लाज वाटून राहिली मले.”

“सीलच खराब निघालं असन,” प्रभाकर खुर्चीतून म्हणाला. “नवं टाक.”

पंचफुला गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली. तेल अडवणारी ती दोन्ही रबरी सीलं तिनंच बसवली होती आणि नीट बसवली होती. तेल किती उरलं ते पाहायला तिनं थोडा वेळ चालवलेलं इंजिन बंद करून तेल मोजायची कांडी फिरवून सोडवली, तर फुस्स करून हवा सुटली. तेलाचे शिंतोडे तोंडावर उडाले.

“अहो, आत हवा कोंडून राहिली.”

“हवा राहतेच. सील टाक तू.”

पूर्वी कधीतरी त्यानंच तिला समजावलं होतं. पिस्टन खाली आला की खालची हवा दाबली जाते, वरचा जळलेला धूरही थोडा झिरपतो. हे सगळं बाहेर जायला एक पाइप असतो. तो बुजला की हवा तेलाला ढकलते आणि तेल सीलातून वाट काढतं.

“सील नाई टाकत मी,” ती म्हणाली. चार वर्षांत पहिल्यांदाच.

“तीस वर्षं मी झक मारली काय मंग?”

भांडायची तिच्यात ताकद नव्हती. तिनं टाकीखाली हात घालून पाइप शोधला. तो हवेच्या फिल्टरच्या डब्यातून निसटून लोंबत होता आणि त्याचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. तारेनं उकरलं तर कुंभारमाशीचं घर निघालं.

“पावसाळ्यात गाडी दोन महिने गोठ्यात उभी होती,” वीरेंद्र ओशाळून म्हणाला.

तिनं पाइप धुऊन जागेवर लावला, सील जुनंच ठेवलं. वीरेंद्र तिगावपर्यंत जाऊन आला. इंजिन कोरडं होतं.

संध्याकाळी ती घास भरवायला बसली तेव्हा प्रभाकर म्हणाला, “मले सुचलंच नाई वं.”

“तुमाले वाकून पाहता आलं असतं तं सुचलं असतं,” ती म्हणाली आणि पुढचा घास केला.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक नेहमीसारखं खुर्चीपाशी जाऊन गाडीची तक्रार सांगू लागलं. प्रभाकरनं डाव्या हातानं पंचफुलाकडे बोट केलं. “तिले विचारा.”

पंचफुला पाना धरून उभी राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. पण आजवर निदान विचार करायचं काम त्याचं होतं. आता तेही तिच्याकडे आलं, एवढंच तिच्या मनात आलं.

“कसा आवाज येऊन राहिला?” तिनं विचारलं आणि गाडीजवळ बसली.