मीनलचा डबा रिकामा कसा द्यायचा?

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या इंदिरानगरात शेजारी राहणाऱ्या सईला केक करायचं भारी वेड. आज तिचा वाढदिवस, म्हणून मी तिला भेट द्यायला घरीच केकच्या सामानाची टोपली भरली. कलिंगडाच्या सालीची टुटीफ्रुटी, वेलची-जायफळाची पूड आणि मनुका. मनुका भरल्या तिच्या आईच्या, मीनलच्या डब्यात. स्टीलचा, झाकणावर नाव घातलेला.

दोन वर्षांपूर्वी मीनलने त्यातून केक पाठवला होता. रिकामा डबा कसा परत करायचा, काहीतरी छान करून भरून देऊ, असं म्हणता म्हणता तो माझ्याकडेच राहिला. आणि मीनल गेली.

आज मनुका भरायला झाकण काढलं तर आत व्हॅनिलाचा वास. कितीदा घासलेला डबा हो!

टोपली नेऊन दिली, तर सईने आधी डबाच उचलला आणि झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "काकू, शेवटी शेवटी आई सारखी विचारायची, 'माझा डबा आला का गं?' आम्हाला वाटायचं, भ्रमात बोलतेय."

घरी येऊन तीनदा हात धुतले. वास जात नाहीये.

तुमच्या मांडणीवर कुणाचा डबा राहिलाय का? रिकामा तर रिकामा, पण आजच नेऊन द्याल?