घासूताईच्या आठ चकत्या

कारखान्यात तिला सगळे घासूताई म्हणत. पंपात बसणाऱ्या पांढऱ्या सिरॅमिकच्या रिंगांचे तुकडे आरशासारखे चकचकीत घासायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे कण तपासायचे, हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. "दगड घासायला माणसं ठेवतात म्हणे!" असं सासूबाई शेजारणीला हसून सांगत, पण सुनेचा डबा मात्र स्वतःच्या हातानं भरून देत.

त्या वर्षी रिंगा तडकू लागल्या. तक्रारींचा नुसता पाऊस. घासूताईनं पाहिलं, तर बारीक कणांच्या गर्दीत मधेच एखादा कण राक्षसासारखा फुगलेला, आणि तडा नेमका त्याच्या कडेनं गेलेला. तिनं साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ताई, तुमचं घासणं बिघडलंय. नाहीतर पावडर वाईट आलीय."

"घासून कण मोठे होत नाहीत, साहेब," ती म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण!

ती तडक भट्टीवाल्या काकांकडे गेली. "काका, खरं सांगा, भट्टीत काही बदललं का?"

काकांनी कान खाजवला. "माल लवकर निघावा म्हणून आच वाढवायला सांगितलीय. चाळीस अंश."

घासूताईनं एकाच पावडरीच्या आठ चकत्या दाबून घेतल्या. छोट्या भट्टीत रोज एक भाजायची, पहिली जुन्या आचेपेक्षा वीस अंश कमी ठेवून. प्रत्येक आदल्या दिवशीपेक्षा दहा अंश जास्त. काकांनी आच सांभाळली, तिनं घासणं. पाच चकत्यांत कण शहाण्या मुलांसारखे एकाच मापाचे. सहाव्या चकतीत मात्र राक्षस हजर! आणि सातवी-आठवी तर विचारूच नका.

"काका, हे हळूहळू नाही वाढलं," ती ओरडलीच. "इथे काहीतरी पलटलंय!"

आठही चकत्या हातात घेऊन ती साहेबांच्या टेबलाशी उभी राहिली. त्यांनी एकेक चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग त्यांनी स्वतःच त्या विद्यापीठात पाठवल्या. तिथे अणूंपर्यंत पाहता येईल असा मोठा सूक्ष्मदर्शक होता.

तीन आठवड्यांनी तिथल्या प्राध्यापिका स्वतः कारखान्यात आल्या. म्हणाल्या, "दोन कणांच्या मधली सीमा म्हणजे नुसती रेघ नसते. तिचीही रूपं असतात. कुठे ती कोरडी असते, कुठे परक्या अणूंचा एकच थर असतो, कुठे पातळ ओली साय. कण आतून तसाच राहतो, पण ठराविक तापमानाला सीमा आपलं रूप बदलते, बर्फाचं पाणी व्हावं तसं. ज्या कणाभोवती ती साय आली, त्याची सीमा भराभर सरकते आणि तो शेजाऱ्यांना गिळत सुटतो. तुमच्या सहाव्या चकतीत आम्हाला दोन्ही रूपं शेजारीशेजारी सापडली. हा प्रयोग कुणी आखला?"

साहेबांनी घासूताईकडे बोट दाखवलं. "यांनी. आणि मी यांचं ऐकलं नव्हतं."

आच तीस अंशांनी उतरवली, भाजायची वेळ वाढवली. पहिल्या खेपेच्या दोनशे रिंगा दाबाच्या चाचणीला लागल्या, तेव्हा अख्खा विभाग काम सोडून गोळा झाला. एक पास झाली, दहा झाल्या, शंभर झाल्या. दोनशेवी उतरली आणि काकांनी टोपी हवेत भिरकावली.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या सभागृहात, भरल्या बाकांसमोर, घासूताईनं त्या चकत्यांची चित्रं पडद्यावर दाखवली. पहिल्या रांगेत सासूबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. सुरुवातीला ती कागदावरून हळू आवाजात वाचत होती. सहाव्या चकतीपाशी मात्र तो असा खणखणीत झाला की मागचे लोक पुढे सरकून बसले. शेवटी एका तरुण संशोधकानं विचारलं, "तापमान पुन्हा उतरवलं, तर सीमा जुन्या रूपात परत येते का?"

"माहीत नाही," घासूताई म्हणाली. "पण त्यासाठी बारा नव्या चकत्या कालच दाबून ठेवल्यात."

टाळ्या वाजतच राहिल्या, आणि सासूबाई उभ्या राहून बाजूच्या अनोळखी बाईला सांगत होत्या, "सून आहे माझी!"