हिरीचा गोड करांदा

कणीक मळून झाली होती, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, आणि मागच्या दारावर थाप पडली. बेल असताना मागचं दार वाजवणारी आमच्याकडे एकच, टोकावड्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडीत राहणारी हिरी.

"बाय, करांदा काढायला आले. पावसाच्या आत लावाय पायजे."

परात झाकून मी दार उघडलं.

मुरबाडच्या बाजारात हिरी रानभाज्यांची पाटी घेऊन बसते. जे घर नेमाने भाजी घेतं, त्या घरी एखाद्या दिवशी ती पदराच्या गाठीत बी नाही तर गड्डा बांधून आणते. विकत नाही. परसात स्वतः फिरून जागा बघते, स्वतः लावते. एका घरी एकच. मग दोन पावसाळे येता-जाता डोकावते. जगलं तर "बरा हाय" म्हणते. मेलं तर काही न बोलता दुसरं आणते.

२००३ साली तिने माझ्या पेरूखाली तिच्या आईकडचा करांदा, म्हणजे वेलाला येणारा बटाट्यासारखा कंद, लावला. बहुतेक करांदे कडू, राख घालून उकडावे लागतात. हा गोड, नुसत्या मिठात शिजणारा. पाच वर्षं आम्ही तो खाल्ला. दिवाळीनंतर वेल वाळतो आणि उन्हाळ्यात जमिनीवर खूणसुद्धा उरत नाही.

तिथेच मी चुकले. यंदा चैत्रात हे विसरले, पेरूखालचा कोपरा ओसाड दिसला म्हणून खणून काढला. गड्डे-मुळ्या उकिरड्यावर गेल्या आणि तिथे गुलाब आला. मी तिला सांगून टाकलं.

हिरी गुलाबापाशी गेली. "ओसाड नव्हता गो. निजला होता."

"तुझ्याकडे असेल ना अजून?"

"डुकरांनी कूप मोडून मुळासकट खाल्ला. तुझ्याकडं हाय म्हणून मी निवांत होते."

ती पायरीवर टेकली. मी चहा दिला. 

"तुझ्या पेटीतला बाजार काय म्हणतो?" तिने विचारलं.

पेटी म्हणजे आमचा कॉम्प्युटर. ऑर्कुटवर मी 'मुरबाडची परसबाग' नावाचा गट काढला होता. गाव सोडून ठाणे, पुणे, दुबईला गेलेली माणसं घरच्या झाडांविषयी तिथे लिहीत. नऊ जणांपासून एकशे त्रेसष्ट झाले, मग हळूहळू सगळे गप्प. मी रोज तीन-तीन प्रश्न विचारायचे, फुलांचे फोटो टाकायचे. उत्तरं कमीच होत गेली, हे मी तिला सांगितलं.

"रोज तीन डाव? उठसूट पानी घातला तर मूळ खाली जायाचा कंटाळा करतं."

"गेल्या आठवड्यात साफसफाई केली. वर्षभरात न बोललेले एकेचाळीस जण काढून टाकले."

तिने बशीवर फुंकर घातली. "ते पन निजले असतील. तुझा हात लई साफ हाय, बाय."

मला हसू आलं, आणि लाजही वाटली.

मग ती बोटांवर मोजत गोड करांदा कुणाकुणाला दिला ते आठवू लागली. भगीरथच्या परसात आता फरशी आहे. सोनूबाईचा वेल गुरांनी खाल्ला. तिसरं बोट अडलं. "वैशाखरे गावच्या शाळंतलं गुरुजी. बदली झाल्यावर नाशिकला गेलं. जाताना मातीसकट डब्यात घालून नेला व्हता. तेंची दिपाली त्याला बटाटा म्हनायची."

दिपाली. काढलेली एकेचाळीस नावं मला पाठ नव्हती, पण हे लक्षात होतं. नाशिकची मुलगी. आल्या दिवशी एकच ओळ लिहिली होती: 'आम्ही पूर्वी वैशाखऱ्याला होतो.' मी नुसतं 'स्वागत' लिहून पुढचा प्रश्न टाकला होता. तिला कसला वेल, कुठलं परस, काही विचारलं नाही. पुढे वर्षभर ती बोलली नाही.

हिरीला मी तेही सांगितलं. ती रागावली नाही. बशी विसळून पालथी घातली, चुंबळ डोक्यावर ठेवून पाटी उचलली. मी गुलाब उपटायला वाकले, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याचा काय गुना?"

दारापर्यंत गेली आणि वळली.

"त्या पोरीला परत आत घे."