सोनोग्राफीला कोल्हापूर

मलकापूरच्या बांगडीवाल्या हमीदाभाभींचं नाव आधी लिहिते, मग बाकीचं. त्या नसत्या तर हे लिहायला मी राहिलेच नसते.

मी वाशीमकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवरा रत्नागिरी रस्त्याच्या रुंदीकरणावर रोलर चालवतो, म्हणून लग्नानंतर शाहूवाडी तालुक्यात आले. मलकापुरात हमीदाभाभींच्या शेजारची खोली मिळाली. इकडं भाताची खाचरं, डोंगर, आणि माणसं इतक्या मोठ्यानं बोलतात की सुरुवातीला वाटायचं, सगळे माझ्यावरच चिडलेत.

मला दिवस गेले, दुसरा महिना सरत आला होता. पोटात एका बाजूला दुखायचं, थोडं अंगावरूनही जात होतं. खोलीमागच्याच सरकारी दवाखान्यात गेले. सिस्टर म्हणाली, “सोनोग्राफी पायजे. मशीन हाय, बघणारं डॉक्टर गुरुवारी येत्यात.”

गुरुवारी गेले. दारावर पाटी होती: भरपूर पाणी पिऊन येणे, लघवीस जाऊ नये. तांब्याभर पाणी पिऊन बाकावर बसून राहिले. दुपारी कळलं, डॉक्टरांना दुसऱ्या तालुक्यात पाठवलंय. दाराच्या फटीतून मशीन दिसलं. फुलाफुलांची चादर पांघरलेलं, उद्घाटनाचा हार वाळून काळा पडलेला. पुढच्या गुरुवारीही तेच. सिस्टरच वैतागली होती. “मी तरी काय करू बाय? मला ते येत न्हाय, आन् हात लावला तर गुन्हा हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर चक्कर आली. घागर सुटली. नवरा आंबा घाटाकडं कामावर, फोन लागेना. दवाखान्याची गाडी आधीच कुणाला तरी घेऊन कोल्हापूरला गेलेली. हमीदाभाभी गुडघा धरत आल्या, माझा चेहरा बघितला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं. गौरी तोंडावर आलेल्या, दुकानात बायकांची गर्दी. “बांगड्या उद्या भरा,” एवढंच त्यांना सांगितलं.

निघताना मी परत तांब्याभर पाणी प्यायले. मशीनला ते लागतं, एवढंच मला ठाऊक. पाटी मलकापूरची आणि मशीन कोल्हापूरचं, हे डोक्यात आलंच नाही.

स्टँडजवळ वडाप (माणसं भरून नेणारी जीप) उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, “अजून दोन पावणं (पाहुणे, इथं अनोळख्यालाही असंच म्हणतात) आली की निघूया की.”

“तुझी गाडी भरली न्हाय, पोरीचं पोट भरलंय,” भाभी ओरडल्या. “हितंच सुटलं तर सीट तूच पुसणार हैस का?”

गाडी निघाली.

पुढचा रस्ता नवऱ्याच्याच कंपनीनं उकरून ठेवलेला. प्रत्येक खड्डा पोटात लागत होता. बांबवड्याला लोक उतरून मिसळ खाऊन आले. त्या तर्रीच्या वासानं मला मळमळलं. वाघबीळच्या वळणावर पन्हाळा धुक्यात होता. एरवी बघत बसले असते. लघवी आवरेना, मला रडू फुटलं. भाभींनी गाडी थांबवली, झुडपापाशी ओढणीचा आडोसा धरला. “बस. मशीन काय तुझा सासरा हाय व्हय? थांबंल की!”

कोल्हापुरात एका रस्त्यावर पाटीला पाटी चिकटलेली. सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय. एकाच इमारतीत खाली एक सेंटर, वर दुसरं. एका दारातला वॉचमन आम्हाला बोलवत होता, “या ताई, आत गर्दी न्हाय.” आमच्याकडं माणसं मशीनची वाट बघतात. इथं मशीनं माणसांची वाट बघत होती.

आत गेल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “लघवी झाली? मग पाणी प्या, तासभर बसा.”

मी ग्लास तोंडाला लावला आणि खुर्चीतून घसरले.

“आता काय पंचगंगा पाजताय तिला?” भाभींच्या आवाजानं आतले डॉक्टर बाहेर आले. मला तसंच टेबलावर घेतलं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं.

शेजारच्याच हॉस्पिटलात ऑपरेशनची तयारी झाली. नर्स बांगड्या फोडायला आली, तेव्हा भाभींनी तिचा हात धरला. “मी भरल्यात, मीच उतरवणार.” साबण लावून, माझा पंजा त्यांच्या पंजात दाबून त्यांनी सगळ्या बांगड्या काढल्या. एकही पिचली नाही. ओढणीच्या टोकाला गाठ मारून त्यांनी त्या ठेवल्या. मग मला शुद्ध नव्हती.

बाळ गेलं, नळीही गेली. संध्याकाळी नवरा येऊन पायाशी बसला होता. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, “आठवडाभर आधी कळलं असतं तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं. तेव्हा का नाही आलात?”

आले होते की. दोन्ही गुरुवारी. चादर पांघरलेल्या मशीनसमोर पोट भरून बसले होते.

परतताना नवरा खिडकीतून काम दाखवत म्हणाला, “रस्ता झाला की कोल्हापूर जवळ येईल बघ.” मशीन आमच्या खोलीमागंच होतं.

घरी आल्यावर भाभींनी ओढणीची गाठ सोडून त्याच बांगड्या मला भरल्या. उठताना गुडघा धरून कळवळल्या. डॉक्टरांनी गुडघ्याचं एमआरआय सांगितलंय, म्हणाल्या, पण कोल्हापूरला जाऊन दिवस कोण मोडंल?

भाभी, मी मोडेन. एक दिवस तुमच्या दुकानाचं शटर मी खाली ओढणार आहे. तुम्हाला वडापात पुढच्या सीटवर बसवून नेईन, आणि गाडी भरायची वाट बघत ड्रायव्हर उभा राहिला, तर त्याच्यावर ओरडायला मी तुमच्याकडूनच शिकले आहे.