झाकण मिलिंदनं काढलं नव्हतं

आज सकाळपासून ग्रुपवर मिलिंदच्या फोटोखाली फुलं पडायलीत. त्यातली निम्मी खोट्या साक्षीदारांची आहेत.

होय, नीट वाचा. रागात लिहितोय, पण शुद्धीत लिहितोय.

मिलिंद माझा दोस्त. गाव वालूर, नोकरी मानवतच्या एका जिनिंगमध्ये, मशीन ऑपरेटर. "तू भाषणात दम घेतोस ना, तेवढ्यात लोक उठून चहाला जातात," असं माझ्या तोंडावर म्हणणारा एकमेव माणूस.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. आज वर्ष झालं.

जिनिंगमध्ये कापसातून निघालेली सरकी जमिनीतल्या नालीतून पुढं जाते. नालीत लोखंडी स्क्रू फिरतो. वर झाकणं असतात, म्हणून माणसाचे पाय शाबूत राहतात.

दसऱ्याला मशीनची पूजा. त्यासाठी झाकणं काढली, धुतली, रंगवली, आवारात वाळत घातली. मिलिंद तिथं नव्हताच. धम्मचक्र प्रवर्तन दिन होता, आम्ही दोघं दिवसभर विहारात होतो.

दुसऱ्या दिवशी हंगामाचा मुहूर्त. शेठ नारळ घेऊन उभे.

मिलिंद म्हणाला, "झाकणं कुठायत? आधी झाकणं लावा."

सुपरवायझर म्हणाला, "रंग वाळायलाय. मुहूर्त टळायलाय, मशीन चालू कर. दुपारून बसवू."

"अन् पाय गेला म्हंजे?"

"पहिल्याच दिवशी अभद्र बोलू नको. तुमाला मुहूर्ताचं काय कळणार म्हणा!"

त्या 'तुमाला'त कोण कोण येतं, ते आवारातल्या प्रत्येकाला कळलं.



गेटवर 'सुरक्षा प्रथम' असा बोर्ड आहे. पण धोका पत्करायचं ठरवणारे नालीपासून लांब उभे होते. ज्याला नालीपाशी उभं राहायचं होतं, त्याचं म्हणणं अपशकुन ठरलं.

नारळ फुटला. मशीन सुरू झालं. थोड्या वेळानं सरकी तुंबली. मिलिंद काठी घेऊन ती मोकळी करायला गेला आणि सांडलेल्या सरकीवरून त्याचा पाय घसरला.

पुढचं लिहिणार नाही. वंदनावहिनी हे वाचतात.

हे सगळं मला सांगितलं मारोतीनं. शेजारच्या मशीनवरचा मारोती. रोज मिलिंदच्या डब्यात जेवणारा. दवाखान्याच्या पायरीवर माझा हात धरून तो रडत होता. "भाऊ, मिलिंददादा वरडून वरडून सांगायलता ओ. कुणीच ऐकलं न्हाई."

चौकशीचे साहेब आले तेव्हा झाकणं जागेवर होती. रंग अजून ओला. साहेबांच्या बोटाला लागलाही असेल. रुमालाला पुसला असेल.

आणि मारोती साहेबांना म्हणाला, "झाकण व्हतं साहेब. त्यानंच काढलं. लय घाई करायचा तो."

सुपरवायझर खोटं बोलला, त्याचं मला नवल नाही. शेठ हात जोडून "आमच्या परिवारातला माणूस गेला" म्हणाले, त्याचंही नाही. त्यांचा परिवार हंगामापुरता असतो.

पण मारोती?

मानवतच्या बसस्टँडवर गाठलं त्याला.

"असं का केलंस रे?"

"भाऊ, तुमी भाषण करून घरी जाता. मला उद्या त्याच गेटातून आत जायचंय."

"आणि वहिनींनी कुठं जायचं?"

समोर सेलूची गाडी लागली. तो चढला. खिडकीतूनसुद्धा बघितलं नाही.

आता वालूरच्या शाळेत मिलिंदच्या लेकीला पोरं म्हणतात, तुझा बाप येडा होता, चालू मशीनचं झाकण काढलं.

वहिनी परवा एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, यांनी ते काढलं न्हवतं. कुणीतरी चारचौघांत बोला की."

मी बोललो. पण मी तिथं नव्हतो. माझा शब्द उद्या कुणीही ऐकीव म्हणून उडवून लावेल. मारोतीचा उडवून लावता येणार नाही.

मारोती, तू हे वाचशील. तुझी भीती मला कळते. नोकरी जाईल ही भीती खरी आहे, आणि तुझ्यासोबत उभं राहायला आम्ही आहोत, हेही खरं आहे. साहेबांपुढं नंतर जा. आधी वालूरला जा. त्या पोरीला समोर बसव, आणि तिचा बाप त्या सकाळी काय मागत होता ते तुझ्या तोंडानं सांग.

मिलिंद, झाकण तू काढलं नव्हतंस.

जय भीम, दोस्ता.