बेशरमाचा फोक

"मानूस येवढा खराब नसते जी," असं म्हणत ते टाईपरायटरवरचं फडकं झटकायचे. "बाहेरचं घुसते त्याच्यात."

भंडाऱ्याच्या कोर्टात आम्ही शेजारी बसायचो. मी कारकून, ते टायपिस्ट. दिवसभर खुनाच्या जबान्या टाईप करायच्या आणि घरी जाऊन खुनाच्याच कादंबऱ्या लिहायच्या, असा त्यांचा जन्म चालला होता. नागपूरचा एक प्रकाशक त्या छापायचा आणि एसटी स्टँडवर त्या हातोहात खपायच्या. तुमच्यापैकी कुणी लाखनीच्या गाडीत वाचल्याही असतील. नसतील वाचल्या, तर फार काही बिघडलं नाही.

त्यांचा खुनी कधीच नुसता खुनी नसे. कुणाच्या अंगात तळ्यातली बाई शिरलेली, कुणाला स्मशानातलं काही लागलेलं. मी चिडवायचो, "भाऊ, एकदा तरी एखाद्याले सोताच्या अकलेनं खून करू द्या ना."

"मंग मले झोप कशी येईन? दिवसभर याच लोकायच्या जबान्या आयकाच्या असते."

एका पुस्तकात त्यांनी नवाच उपाय घातला. लिंबू-मिरची वाचून लोक कंटाळले, म्हणून तळ्याकाठी माजणाऱ्या बेशरमाच्या झुडपाच्या फोकाने झपाटलेल्या म्हातारीला झोडपायचं, की तिच्यातलं बाहेरचं निघून जातं.

"हे कोनाकडून आयकलं?" मी विचारलं.

"कोनाकडूनच नाही. घरामागं बेशरम लय वाढला हाय, तो पाहून सुचलं." आम्ही दोघेही पोट धरून हसलो.

पुढे दोनेक वर्षांनी एक खटला उभा राहिला. एका गावात तापाने लेकरं गेली. चौघांनी एका म्हातारीवर आळ घेतला, तिला धरून मारलं आणि ती मेली. जज्जसाहेबांनी एका आरोपीला विचारलं, कशाने मारलं? तो अगदी सरळपणे म्हणाला, "बेशरमाच्या फोकानं. त्यानं बाहेरचं निघते, असं पुस्तकात लिवलं हाय."

टाईपरायटर थांबला. साहेबांनी मान वर करून पाहिलं. मग टकटक पुन्हा सुरू झाली आणि ते वाक्य त्यांनी शब्दन् शब्द उतरवलं.

त्यानंतर त्यांनी एकच कादंबरी लिहिली, बिनभुताची. प्रकाशकाने ती परत पाठवली. पुन्हा त्यांनी लेखणी धरली नाही.

"तुमी थोडंच मारलं तिले?" मी एकदा म्हणालो.

"मंग कोनं मारलं?"

आता भूत तर सांगता येत नव्हतं.

म्हातारीची मुलगी प्रत्येक तारखेला यायची. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता व्हरांड्यात तिच्या शेजारी जाऊन बसायचे. काय बोलतात, हे मी विचारलं नाही. आमच्या कामात माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचाही थकवा येतो. तरी त्यांच्याकडे मला बघवत नसे.

निकाल लागायच्या आधीच, एका उन्हाळ्यात ते गेले. पुढच्या तारखेला ती आली आणि दारातून त्यांच्या खुर्चीकडे बघत राहिली.

"बाबूजी नाही आले आज?"

मी सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं.

"एक दिवस मले म्हने, बाई, तुह्या मायले म्याच मारलं."

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हनू? मले वाटलं, उनानं डोस्कं फिरलं. मंग म्या त्यायले चहा आनून देल्ला."